विहिरीची टाकी

आमच्या गल्लीतलं पाणी मी नासवलं. एकटीने नाही, पण सुरुवात माझ्या तोंडून झाली. हे मी पश्चात्तापाचं प्रदर्शन म्हणून सांगत नाहीये. मला राग येतो म्हणून सांगते. राग गल्लीचा येतो, शेजाऱ्यांचा येतो आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा येतो, कारण त्या काळात आमच्या भागात पाण्याबद्दल कुणाला काही विचारायचं असलं की तो माझ्याच दारात यायचा.

मी चंद्रपूरला पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लागले, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाल्याझाल्या. दिवसभर समोर बाटल्या. गोंडपिपरीकडून, कधी गडचिरोली ओलांडून धानोऱ्याकडूनही नमुने यायचे, बहुतेक वेळा एस.टी.च्या कंडक्टरच्या पायाशी ठेवलेले. आम्ही धुतलेले पांढरे कॅन गावोगाव पाठवायचो. ते कॅन गावात घासलेट आणायला वापरले जायचे आणि पाणी यायचं खोबरेल तेलाच्या नाहीतर दारूच्या बाटलीत. एकदा एका नमुन्याला मोहाच्या दारूचा असा काही वास येत होता की आमचे साहेब म्हणाले, हा तपासायचा कशाला, वाटून घेऊ. पाण्यात दोष नव्हता, बाटलीत होता. आम्ही तपासायचो आणि दोनांतलं एक लिहायचो: पिण्यास योग्य, पिण्यास अयोग्य. लिहिलेलं कोण वाचत होतं, ते मला कधी कळलं नाही.

गल्लीत मात्र माझा मोठा मान. मला सगळे 'पाणीवाली बाई' म्हणायचे आणि बाबा त्यावर भाव खाऊन घ्यायचे. घरी आलेल्या माणसापुढे पाण्याचा पितळी गडवा ठेवताना म्हणायचे, "पी बिनधास्त. माह्या पोरीनं तपासलं आहे." मी ते दर आठवड्याला थोडंच तपासत होते? पण बाबांना असं बोलताना ऐकलं की मलाही बरं वाटायचं. माझं लग्न झालं नाही, त्याची कारणं इथे सांगायची गरज नाही. मी, आई आणि बाबा असे तिघं त्या घरात राहायचो.

पाणी होतं विहिरीचं, आणि विहीर बाबांची. ही गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच समजणार नाही. बाबा गोंडपिपरीकडच्या एका खेड्यातले. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीला त्यांच्या घरच्यांनी हात लावायचा नाही, अशी रीत होती. खाली गुंड, म्हणजे पाण्याची घागर, ठेवून बसायचं. कुणी पाणी भरायला आलं की विचारायचं, थोडं देता का. मनात आलं तर वरून ओतायचे, नाही आलं तर नाही. दुपारपर्यंत नुसतं बसून राहिल्याचं बाबांनी मला एकदाच सांगितलं आणि मी आणखी विचारायला गेले तर विषय बदलला. छप्पन साली घरच्यांनी धम्म घेतला. पुढे बाबा शहरात आले, लाकडाच्या डेपोत कामाला लागले आणि गावाबाहेर, जिथे तेव्हा पळस आणि दगड याशिवाय काही नव्हतं, तिथे त्यांनी एक छोटा प्लॉट घेतला. घर बांधायच्या आधी विहीर खणली.

दोन उन्हाळे लागले. डेपोची पाळी संपली की बाबा आणि माझा मामा आत उतरायचे, आई घमेल्याने मुरूम बाहेर टाकायची. मुरुमाखाली पिवळसर, हाताने भुगा होईल असा वाळूचा दगड लागला आणि त्यातून पाणी आलं. आमच्याकडे विहीर परसाने मोजतात, परस म्हणजे हात वर करून उभा असलेला माणूस. आमची विहीर सहा परस खोल होती आणि भर उन्हाळ्यातही तिच्यात दोन-अडीच परस पाणी असायचं. पाणी लागलं त्या दिवशी बाबांनी घरी वंदना घेतली, आजूबाजूला जी चार-पाच घरं होती त्यांना बोलावलं आणि विहिरीचा नियम सांगितला. या विहिरीवर कोणी विचारून पाणी घ्यायचं नाही. यायचं, दोर सोडायचा, न्यायचं.

हा नियम त्यांनी शब्दशः पाळला. नवीन माणूस कठड्याजवळ येऊन अदबीने "घेऊ का?" म्हणाला की बाबांचं डोकं फिरायचं. "विचारता काऊन? घ्या ना," असं ते इतक्या जोरात म्हणायचे की माणूस बिचारा रिकामी बादली घेऊन परत जायचा. आमच्या शेजारी एक मुसलमान कुटुंब राहायला आलं, त्यांच्या म्हाताऱ्या आईवर पहिल्याच दिवशी ही वेळ आली. ती घाबरली. मग तिच्या मुलाने नियम समजून घेतला आणि पुढे कितीतरी वर्षं ते घर आमच्याच विहिरीचं पाणी प्यायलं.

हा मुलगा म्हणजे आमचे मोटारवाले भाऊ. जळलेल्या मोटारी उघडून त्यांचं तांब्याचं वायंडिंग नव्याने भरून द्यायचं त्यांचं काम. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. सुरुवातीला ते पंखे आणि पिठाच्या चक्कीच्या मोटारी भरायचे. आमची वस्ती वाढली तशा पाण्याच्या मोटारी यायला लागल्या.

वस्ती कशी वाढली ते सांगायला नको. पळस गेले, प्लॉट पडले, दुमजली घरं झाली. नळ आले, पण नळाला पाणी एक दिवसाआड, तेही तासभर. मग कोपऱ्यावरच्या दुमजली घराने पहिलं बोअर मारलं. आंध्राकडची बोअरची गाडी आली, दिवसभर कानठळ्या बसल्या, धुरळ्याने घरातली भांडी पांढरी झाली आणि संध्याकाळी पाण्याचा फवारा उडाला तेव्हा सगळी गल्ली तो बघायला उभी होती. मीसुद्धा. त्यानंतर बोअर मारणं ही गरज राहिली नाही, प्रतिष्ठा झाली. कुणाचं दीडशे फुटांवर, कुणाचं दोनशेवर. जेवढं खोल तेवढं चांगलं पाणी, असं सगळे मानायचे, आणि खरं सांगायचं तर मीही मानायचे.

आणि त्या पाण्याचं काय करायचे? चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने काढला त्याला विचारा. खोलीगणिक कूलर, आणि कूलर दिवसाला ड्रम ड्रम पाणी पितो. सकाळ-संध्याकाळ अंगणात पाइपने पाणी मारायचं, स्लॅब थंड व्हावा म्हणून गच्चीवर मारायचं, समोरच्या डांबरी रस्त्यावरही मारायचं. सगळं बोअरचं, जमिनीच्या पोटातलं, पिण्यालायक पाणी. संध्याकाळी पाच वाजता गल्लीभर मोटारींचा एकच घूंऽऽ आवाज सुरू व्हायचा.

आमची विहीर दरवर्षी थोडी थोडी उतरत गेली. दोर वाढवला. मग एका मे महिन्यात बादलीतून गाळ आला. बाबा म्हणाले, पावसाळ्यात भरंल. पावसाळ्यात थोडी भरली, दिवाळीला परत तळ दिसला. त्यानंतरच्या वर्षी भरलीच नाही. वस्तीतल्या सगळ्याच विहिरी अशा आटून बसल्या. बाबा रोज सकाळी कठड्यावर हात टेकून आत बघायचे आणि घरात येऊन बसायचे. मला ते बघवायचं नाही म्हणून मी त्या वेळेला मुद्दाम स्वयंपाकघरात असायचे.

एक दिवस मोटारवाले भाऊ मधल्या भिंतीला भोक पाडत होते. त्यांनीही बोअर मारलं होतं. त्यावरून एक पाइप त्यांनी आमच्या अंगणात काढला, त्याला तोटी बसवली आणि बाबांना म्हणाले, "काकाजी, विचाराचं नाई. तुमचाच कायदा आहे."

बाबा हसले. विहीर बसल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

इथपर्यंत माझा काही दोष नव्हता. आता माझी पाळी येते.

आमच्या संडासाची टाकी उथळ होती, पावसाळ्यात तुंबायची. आईचे गुडघे गेलेले, तिला बाहेर जाणं शक्य नव्हतं. नवी टाकी खणायची म्हणून गवंड्याला बोलावलं. तो अंगणात फिरला, विहिरीत डोकावला आणि म्हणाला, "बाई, टाकी कायले खोदता? आयती टाकी आहे ना. पाइप जोडाचा, वरून स्लॅब टाकाचा. जन्मात भरनार नाई."

जन्मात भरणार नाही, हे त्याने गुण म्हणून सांगितलं. मी तेव्हाच विचारायला हवं होतं की भरणार नाही तर जाणार कुठे. दिवसभर दुसऱ्यांच्या पाण्यातली घाण शोधून काढणारी बाई मी, माझ्या डोक्यात हा प्रश्न आलाच नाही. मी उलट शास्त्र लावलं. विहीर चाळीस फूट, कोरडीठाक. शेजारचं बोअर दोनशे फूट. मधे सगळा खडक. वरची घाण वर, खालचं पाणी खाली. मी बाबांना तसं कागदावर काढूनही दाखवलं.

बाबांनी तो कागद उलटासुलटा करून बघितला. "तुले समजते," ते म्हणाले. "होत असंल तं कर."

त्यांनी विरोध केला असता तर मी वाद घातला असता आणि वाद घालताना कदाचित माझीच चूक मला दिसली असती. पण त्यांचा माझ्या शिक्षणावर नको तितका विश्वास होता. गवंडी कामाला लागायच्या आदल्या दिवशी त्यांनी विहिरीवरची कप्पी स्वतः सोडवली, तेल लावून पुसली आणि शेडमध्ये खिळ्याला अडकवली. मग विहिरीवर स्लॅब पडला.

पाणीवाल्या बाईनेच केलं म्हटल्यावर गल्लीला दुसरं काय हवं होतं? एकेक जण येऊ लागला. "बाई, आमची विहीर पन कोरडीच पडून आहे. काई होत नाई ना?" मी म्हणायचे, काही होत नाही. कुणाचं फेल गेलेलं बोअर होतं, त्यात मोरीचं पाणी सोडलं तर चालेल का? चालेल. कितीजणांना मी असं सांगितलं ते मला आठवत नाही. दारात उभ्या उभ्या, भाजी निवडता निवडता सांगितलं. दोन-तीन वर्षांत वस्तीतल्या जवळपास सगळ्या जुन्या विहिरी टाक्या झाल्या. पोरं त्यांच्या स्लॅबवर क्रिकेट खेळायची.

मोटारवाले भाऊ तेवढे अधूनमधून काहीतरी बोलायचे. दर उन्हाळ्यात गल्लीतल्या मोटारी जळायच्या, कारण पाणी खाली गेलेलं असायचं आणि मोटार कोरडी फिरायची. ते मोटार भरून द्यायचे आणि एक पाइप जोडून आणखी वीस फूट खाली सोडायचे. एकदा हातातली काळी, बुळबुळीत मोटार दाखवत म्हणाले, "पाहा बाई. पयले मोटार वर काढली का साफ राहे. आता असा चिकटा येऊन राह्यला. वास पाहा." मी म्हटलं, शेवाळ असेल. ते म्हणाले, "अंधारात कायचं शेवाळ?" आणि मी विषय सोडून दिला. ऑफिसला उशीर होत होता.

मग त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. तिला मी दहावीत विज्ञान शिकवलं होतं. आल्यावर दीड-दोन महिन्यांत तिला कावीळ झाली. अशा दिवसांत कावीळ म्हणजे जिवाशी खेळ. तिला दवाखान्यात ठेवलं. त्याच उन्हाळ्यात गल्लीत आणखी चार-पाच घरांत कावीळ होती, पण प्रत्येक घराने आपापलं कारण शोधलं होतं. कुणी उसाचा रस, कुणी लग्नातलं जेवण. भाऊ दवाखान्यातून सरळ माझ्याकडे आले. हातात औषधाची रिकामी बाटली, घासून घासून धुतलेली, तिच्यात पाणी.

"आमच्या बोअरचं आहे," म्हणाले. "तपासून द्या."

आमच्याकडे एक साधी तपासणी असते. छोट्या काचेच्या बाटलीत औषध लावलेला कागद असतो, तिच्यात पाणी भरून उबेत ठेवायचं. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर दुसऱ्या दिवशी बाटली काळी होते. खेड्यापाड्यांच्या कितीतरी काळ्या बाटल्या मी बघितल्या होत्या. त्या बघताना मला थोडी दया यायची आणि थोडं वाटायचं, काय ही माणसं, विहिरीला साधा कठडा बांधत नाहीत. दुसऱ्या दिवशी उबेचं कपाट उघडलं तर आमच्या गल्लीची बाटली डांबरासारखी झाली होती. मी म्हटलं, भाऊंनी आणलेल्या बाटलीचा दोष. आमच्या अंगणातल्या तोटीचं पाणी मी स्वतः निर्जंतुक बाटलीत भरून आणलं. तीही काळी. हेच पाणी बाबा चार-पाच वर्षं पीत होते आणि पाहुण्यांना माझं नाव सांगून पाजत होते.

मला खात्री हवी होती. खरं म्हणजे खात्री नको होती, मला सुटका हवी होती. दोष दुसऱ्या कुणाच्या तरी टाकीचा निघावा अशी माझी इच्छा होती. मी दोन पोती खडेमीठ आणलं, पाण्यात विरघळवून आमच्या विहिरीत, म्हणजे टाकीत सोडलं आणि रोज सकाळी भाऊंच्या बोअरचं पाणी घेऊन प्रयोगशाळेत त्यातलं क्षाराचं प्रमाण तपासायला लागले. बाबांनी विचारलं, मीठ काऊन टाकते? मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं.

आठ दिवस काही नाही. मला हायसं वाटायला लागलं. मग नळाचं पाणी सलग चार दिवस आलं नाही, त्यात कोपऱ्यावरच्या घरी लग्न निघालं, मांडव, कूलर, शेकडो माणसांचा स्वयंपाक. गल्लीतल्या सगळ्या मोटारी दिवसभर चालू. त्यानंतरच्या सकाळी मी काचेच्या नळीतून थेंब थेंब रसायन सोडत होते आणि पिवळं पाणी काही केल्या विटकरी होईना. नेहमीच्या खुणेच्या पुढे, आणखी पुढे; पाण्यात मीठ जितकं जास्त, तितकं रसायन जास्त लागतं. मीठ आलं होतं. आमच्या अंगणातून भाऊंच्या बोअरमध्ये.

बोअरला लोखंडी पाइप फक्त वरच्या ठिसूळ भागात टाकतात, खाली नुसतं उघडं भोक असतं, हे मला माहीत होतं. खडक म्हणजे भिंत नाही, त्याला भेगा असतात, आणि आमच्याकडचा वाळूचा दगड तर पाणी झिरपू देतो म्हणूनच बाबांच्या विहिरीला पाणी लागलं होतं, हेही माहीत होतं. खालचं पाणी उपसलं की त्याच्या जागी वरचं उतरणार, जितक्या जोरात उपसू तितक्या जोरात उतरणार. हे सगळं मला सुटं सुटं माहीत होतं. पहिल्यांदा विहिरी कोरड्या पडल्या तेव्हाच जमिनीने सांगितलं होतं की वरचं पाणी खाली चाललंय. आम्ही ती वाट बघितली आणि नेमका तिच्या तोंडाशी संडास नेऊन जोडला.

मी भाऊंना सांगितलं. ते दुकानात वायंडिंग भरत होते. त्यांनी ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तांब्याच्या तारेचे हातातले वेढे पूर्ण केले, टोक कापलं आणि म्हणाले, "पोट्टीले आज बरं आहे जरा." मुलगी आणि पुढे तिचं बाळ, दोघं त्यातून निभावले. भाऊ माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत राहिले, फक्त कुठलंही पाणी घेऊन माझ्याकडे आले नाहीत.

एका रविवारी सकाळी मी गल्लीला भाऊंच्या अंगणात गोळा केलं. खडूने फरशीवर विहीर काढली, बोअर काढलं, बाण काढले. सगळ्यांनी आपापल्या विहिरींची जोडणी तोडायची, टाक्या उपसायच्या, नव्या बंदिस्त टाक्या बांधायच्या, आणि कूलर सोडला तर बाकीचं पाणी मारणं बंद करायचं. मी माझी चूकही कबूल केली. मला वाटलं होतं, कबूल केल्यावर लोक ऐकतात.

कोपऱ्यावरच्या घरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मॅडम, पन तुमीच तं सांगतलं होतं, काई होत नाई."

"हो. चुकलं माझं."

"पयले म्हनता काई होत नाई, आता म्हनता सगळंच होते. आमी कोनतं खरं मानाचं?"

मी परत खडूने बाण गिरवायला लागले. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, पाणी तर काचेसारखं दिसून राह्यलं, वास नाही, काही नाही. मी म्हटलं, जंतू दिसत नसतात. त्या म्हणाल्या, दिसत नाई तं तुमाले कसे दिसले? लोक हसले. मग ज्यावर सगळ्यांचं एकमत झालं तो उपाय निघाला: बोअर आणखी खोल करायचं. शंभर फूट आणखी खाली गेलं की तिथे चांगलं पाणी लागेल. मी ओरडून सांगितलं की तिथलं चांगलं आहे तेही नासवाल, जितकं खालून ओढाल तितकं वरचं खाली येईल. ओरडलेली बाई कुणाला पटत नाही. पंधरा दिवसांत आंध्राची गाडी परत गल्लीत उभी होती.

सगळ्यांच्या मोटारी खाली सोडायचं काम मोटारवाल्या भाऊंनी केलं. मी त्यांना अडवायला गेले. ज्याची मुलगी मरता मरता वाचली त्याने तरी हे करू नये, असं मी बोलून गेले. ते म्हणाले, "मी नाई केलं तं दुसरा करन, बाई. बोअर तं होऊनच राह्यलं. मोटार कायले कोरडी जळू देऊ?" मला त्यांचा इतका राग आला, आणि त्यांच्या बोलण्यात खोट काढता येईना म्हणून आणखीच आला.

मी माझं केलं. जोडणी तोडली, विहीर यंत्राने उपसून घेतली, आत चुना टाकला, पुढच्या बाजूला नवी बंदिस्त टाकी बांधली. सगळ्या वस्तीत एक विहीर. भाऊंच्या बोअरची बाटली त्यानंतरही काळी होत राहिली, कारण बाकीच्या विहिरी होत्याच. मी रीतसर अहवाल लिहिला, पिण्यास अयोग्य, आणि त्याची प्रत गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर चिकटवली. आठवडाभरात त्यावर कुणीतरी कूलर दुरुस्तीची जाहिरात लावली.

अंगणातली तोटी मी बंद केली. नळाचं पाणी यायचं तेव्हा भरून ठेवायचं, त्यातलं पिण्याचं उकळायचं. उकळलेलं तांब्याच्या गुंडात, न उकळलेलं स्टीलच्या. आई तोवर गेली होती. बाबांना मी चारचारदा समजावलं, तांब्याचं प्यायचं, स्टीलचं नाही. पण एकदा मी घाईत अदलाबदल केली, ते त्यांनी प्यायल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मी त्यांच्यावर ओरडले, जसा काही त्यांचाच गुन्हा. त्यांना काही झालं नाही. मी विसरूनही गेले.

ते विसरले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस मी ऑफिसातून आले तर बाबा जुन्या विहिरीच्या स्लॅबपाशी खुर्ची टाकून बसले होते. ओठ सुकलेले. मांडीवर दोन्ही हातांत धरलेला पितळी गडवा, काठोकाठ भरलेला. मला बघून त्यांनी तो थोडा वर केला.

"बाई, पिऊ का?"

मी विचारलं, कधीपासून घेऊन बसलात? म्हणाले, जेवल्यापासून. जेवले होते ते अकरा वाजता. मी म्हटलं, मग प्यायले का नाही?

"तू नव्हती ना," ते म्हणाले. "कोनाले विचारू?"

विचारता काऊन? घ्या ना. त्यांचंच वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, आणि ते मला म्हणता आलं नाही. मी त्यांच्या हातातून गडवा घेतला, आत गेले आणि त्यांनी तो कोणत्या गुंडातून भरला ते बघायला दोन्ही गुंडांची झाकणं उघडली.